अकरा हेल्मेटं आणि एक रविवार

पहाटे साडेपाचला गेटवरून फोन आला. "मॅडम, पार्किंगच्या शेडमध्ये गाडी एकही नाही. हेल्मेटं मात्र अकरा आहेत."

महाळुंग्यातल्या एका कारखान्यात मी ॲडमिन बघते. आमच्याकडे पत्र्याची शेड एकच, तिच्यात दुचाक्या मावतात बारा. एक जागा माझ्या स्कूटरची, पाटी लावून. उरलेल्या अकरा, जो आधी येईल त्याच्या. एप्रिलमध्ये उन्हात तापलेल्या सीटवर बसणं म्हणजे तव्यावर बसणं. म्हणून लोक आदल्या संध्याकाळीच घरातलं जुनं हेल्मेट ठेवून जागा धरू लागले होते. दुसरी शेड हवी, हा त्यांचा अर्ज माझ्या वहीत 'सवडीने' या रकान्यात होता.

मी हेल्मेटं जप्त केली. मग लोक सातच्या शिफ्टला पाचला येऊ लागले आणि मशीनवर जांभया देऊ लागले. सावली फुकट होती, पण किंमत झोपेनं मोजली जात होती. मुलीच्या अकरावीच्या पुस्तकात याला संधी खर्च म्हणतात: एक गोष्ट घेताना जी दुसरी सोडावी लागते, ती.

मग मी आठवडाभराच्या जागांसाठी सगळ्यांच्या नावांच्या चिठ्ठ्या टाकल्या. वहीत लिहिलं, 'प्रश्न मिटला.'

त्याच आठवड्यात प्लांट हेड साळवी सरांनी बोलावलं. "रविवारी डिस्पॅच आहे. माल गेला नाही तर ऑर्डर हातची जाईल. लाइनला बारा माणसं लागतात, अकरांवर ती चालत नाही. शुक्रवारी पाचपर्यंत यादी द्या."

"ओव्हरटाइम देऊनही कोणी येत नाही, सर. लग्नसराई आहे."

"म्हणून तर तुम्हाला सांगतोय."

गुरुवारपर्यंत यादीत एकच नाव होतं, चिखलीच्या संतोषचं. दुपारी तेही खोडलेलं दिसलं. त्यावर नाव होतं बबनभाऊंचं. बबनभाऊ इथल्याच गावचे, जुने ऑपरेटर. मी त्यांना बोलावलं.

"संतूला चिठ्ठीत सावली लागली," ते म्हणाले. "त्यो येतोय कंपनीच्या बसनं. त्याला काय करायचीय? त्याची जागा मला, त्याचा रविवार मला. दोघंबी खूश."

"अशी अदलाबदल चालणार नाही."

"तुमी नुसता रविवार मागता, मॅडम. संतूनं कायतरी दिलं तरी!"

त्यावरूनच मला उपाय सुचला. चिठ्ठ्या रद्द केल्या. बोर्डावर लिहिलं: रविवारी येणाऱ्याला आठवडाभर सावली. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्यांची अकरा नावं भरली. फक्त बबनभाऊंनी आपलं नाव खोडलं होतं.

पावणेपाचला मी स्वतः लाइनवर गेले. "भाऊ, बारावं नाव हवंय."

"लिवतो की. पण जागा अकराच हायत."

"मग लिहिलेलं नाव खोडलंत कशाला?"

"सकाळी मी अकरांतला एक व्हतो. आता बारावा मी एकटाच हाय." त्यांनी खिडकीतून शेडकडे बघितलं. "ती पाटीवाली स्कूटर कुणाची म्हणायची?"

पाचला दोन मिनिटं असताना मी सरांना यादी दिली. बारा नावं.

डिस्पॅच वेळेवर गेला. सोमवारी संध्याकाळी मी दिवसभर उन्हात उभ्या असलेल्या माझ्या स्कूटरवर बसले आणि चटक्यानं लगेच उठले. ऑफिसात परत गेले, वही उघडली आणि शेडचा अर्ज 'सवडीने'मधून 'आज'मध्ये टाकला.

टंचाई समजायला पुस्तक पुरतं. ती मिटवायची घाई मात्र आपली गाडी उन्हात असली की होते.