फिंचच्या पिल्लासाठी रोजची हजामत

आमच्या शेजारच्या प्रोफेसरांइतका येडा माणूस उभ्या घाटकोपरात झाला नाही, हे मी छातीठोक सांगतो. मी चौथी शिकलेला, तीस वर्षं गिरणीत कापडाच्या साच्यावर उभा राहिलेला. माणूस पारखायला मला डिग्री लागत नाही. त्यांच्या खोलीत खाटेवर फिंच पक्ष्यांचे पिंजरे, स्वतः जमिनीवर. एकदा मला जिन्यात अडवून म्हणाले, "तात्या, पेशीपेशीत जनुकांची पोथी एकच! पण कुठलं पान कधी उघडायचं, त्यावर मेंदू घडतो. नराच्या मेंदूत गाण्याची जागा मोठी, मादीच्या इवलीशी. पोथी तीच, पानं निराळी!" तोवर त्यांच्या हातातल्या कलत्या पातेल्यातलं दूध तीन पायऱ्या उतरून गेलं होतं.

रंगीत टीव्ही नुकते आले होते तेव्हा मांजरानं त्यांचा एकुलता गाणारा नर मारला. मागे मादी आणि एक नर पिल्लू. प्रोफेसर धावत आले. "तात्या, वाट लागली! आई गात नाही. महिन्याभरात गाणं कानावर पडलं नाही, तर पोरगं जन्मभर खरखरत राहणार!"

"मग मी शिटी वाजवतो की!" वाजवलीही. पिल्लानं पाठ फिरवली. त्याचा राग मला अजून आहे.

शेवटी चेंबूरच्या एका न्हाव्याकडे गाणारा नर सापडला. विकायला तो तयार नाही, फुकट बसूही देईना. मग काय, प्रोफेसर रोज पिंजरा मांडीवर घेऊन बसनं चेंबूरला, आणि रोज हजामत! आधी दाढी गेली, मग मिशी, मग सगळं डोकं. तिसऱ्या आठवड्यात न्हाव्यानंच हात जोडले. "साहेब, आता काय कापू? कान?"

"कानाला हात लावू नकोस, ऐकतोय मी!"

महिना सरला तरी पिल्लू गप्प. प्रोफेसरांना जेवण जाईना. आणि एका सकाळी भिंतीपलीकडून किरकिर, अडखळ, मग एकदम झकास सूर! मी बनियनवरच धावलो. तुळतुळीत डोक्याचे प्रोफेसर पिंजऱ्यासमोर उकिडवे बसून रडत होते. "ऐकलंत, तात्या? बापाचं नाही, पण गाणं आहे!"

मी घरी आलो. लोक हसतात म्हणून मी पोरांसमोर कधी माझी गावची मालवणी बोललो नाही. मुलाला त्यातलं एक वाक्य येत नाही. दोन वर्षांचा नातू दारात खेळत होता.

"हयसर ये रे, झिला," मी हातानं जवळ बोलावत म्हटलं.

तो नुसता बघत राहिला. मी पुन्हा म्हटलं.