मेंढरं भादरायची कातर

माणच्या माळावर कोंडाबाईला कुणी बाईत धरत नसे, आणि तिला त्याचं वाईटही वाटत नसे. बापाला पोरगा नव्हता, म्हणून त्यानं ती परकरात असतानाच तिच्या हातात काठी दिली, डोक्याला मुंडासं बांधलं आणि बिरोबाचं नाव घेऊन कळपामागं सोडली. ती तशीच वाढली. लुगड्यावर बापाचाच जुना सदरा, दाढेत तंबाखूची चिमूट, केस मानेपाशी कातरलेले. माजलेल्या एडक्याला शिंगाला धरून आडवा पाडावा तर तिनंच. वस्तीवरचा कुशाबा लांबूनच हाळी द्यायचा, "काय कोंडबाराव, आज दाढी न्हाई केली व्हय?"

"तुजीच करते की, ये हिकडं!"

तिच्या घरी घरजावई आलेला म्हसू मात्र मऊ माणूस. लहानपणी मोडलेला पाय वाकडाच बसला होता, मेंढरांमागं पळणं त्याच्यानं होत नसे. चूल त्याची, भाकरी त्याची आणि एकुलत्या सृष्टीची वेणीही त्याचीच. शाळेच्या आधी तो उंबऱ्यावर बसायचा, पोर पुढ्यात. खोबरेलाची बाटली, फणी आणि दोघांचं गुलुगुलु बोलणं. वाघरीच्या जाळीतून मेंढरं बाहेर काढता काढता कोंडाबाई ते बघायची. एकदा ती मुद्दाम जवळ जाऊन टेकली, तर पोर सरकून बसली. "आई, तुला मेंढरांचा वास येतुया." म्हसू हसला. कोंडाबाईही हसली, आणि उठून गेली.

दोन हजार चारच्या हिवाळ्यात फलटणकडं म्हसूची बहीण आजारी पडली. निघताना त्यानं बजावलं, "पोरीच्या केसांचं तेवढं बघ. शाळंत गॅदरिंग हाय, सुगीच्या नाचात घेतलीया तिला. बाईंनी लांब वेणी घालायला सांगितलीया, गजरा माळायचाय. येताना लाल रिबनी आणतो मी."

"जावा वो. वेणी घालायची, त्यात काय डोंगर उचलायचाय?"

पहिल्या दिवशी वेणी शाळेच्या फाटकाशीच सुटली. दुसऱ्या दिवशी पोर कळवळली, "आबा असं वढत न्हाईत." त्यानंतरच्या सकाळी फणीच्या दातात ऊ वळवळताना दिसली.

दाराशी खुंटीला मेंढरं भादरायची कातर लटकत होती, नुकतीच पाजळलेली. कोंडाबाईनं ती काढली. "बस. ब्याद घालवून टाकू."

सृष्टीला वाटलं, टोकं कापणार. ती आरसा पुढ्यात घेऊन, मान खाली घालून बसली. एवढ्या थोरल्या कातरीला टोकंबिकं कळत नाहीत. पहिला घास तिनं मुळाशीच घेतला. मेंढी कातरीखाली आधी धडपडते आणि मग गप्प पडते. पोर धडपडलीसुद्धा नाही.

"झालं. कसं हलकं वाटतंय का न्हाई?"

सृष्टीनं खाली पडलेले केस फ्रॉकच्या ओच्यात गोळा केले आणि घरात गेली. त्या दिवसापासून ती आईशी बोलेनाशी झाली. शाळेत पोरं तिला बघून 'ब्यॅऽऽ' करतात, हे कोंडाबाईला कुशाबाच्या नातीकडून कळलं.

म्हसू परतला तो खिशावर हात ठेवूनच. उंबऱ्यात पोरीला बघितलं, मग खुंटीवरची कातर बघितली. "उवा झाल्या व्हत्या," कोंडाबाई म्हणाली. शिवी नाही, आदळआपट नाही. रिबनींची पुडी फळीवर ठेवत एवढंच म्हणाला, "चुलीपाशी रॉकेल व्हतं की, कोंडे."

शिवी दिली असती तर तिनं चार परत दिल्या असत्या. पण हे वाक्य कुसळासारखं आत शिरलं. रॉकेल चोळावं, बारीक फणीनं विंचरावं, उवा जातात, हे तिला ठाऊक नव्हतं थोडंच? माळावर मेंढरांमागं बसली की तिला तीच सकाळ आठवायची. कातर चालत होती तेव्हा तिला मनातून बरं वाटत होतं. आता उंबऱ्यावरचं गुलुगुलु संपलं. आता पोर माझ्यागत दिसतीया. कुणाला सांगावं हे? लांडगासुद्धा स्वतःचं पिल्लू ओरबाडत नाही.

नाच बसवणाऱ्या नलिनीबाईंनी सृष्टीला नाचातून काढलं नाही, गडी केलं. बाकीच्या पोरी वेण्या-गजरे घालून शेतकरणी, ही एकटी धोतर-मुंडाशात. गॅदरिंगच्या दिवशी पडद्यामागं म्हसूनं दोनदा मुंडासं बांधलं, दोनदा ते पोरीच्या नाकावर घसरलं. जन्मभर टोपी घातलेला माणूस तो. त्यानं बायकोकडं बघितलं. "तुज्या हातचं काम हाय हे."

कोंडाबाई नळावर गेली, साबणानं कोपरापर्यंत हात घासून आली. पोरीनं डोळे मिटून घेतले. कापडाचा पहिला फेरा घेताना तळहाताला खुंट टोचले, कुठं लांब, कुठं आखूड. तिचे हात थांबले.

"सृष्टे," ती पुटपुटली, "उवा व्हत्या. पर तेवढ्यासाठी न्हाई कापलं मी."

"म्हायती हाय मला."

"कसं गं?"

"समोर आरसा व्हता. तू हसत व्हतीस."

पलीकडं ढोलकी वाजायला लागली.

"घट्ट बांध," पोर म्हणाली. "नाचताना सुटलं तर डोकं दिसंल."

तिनं घट्ट बांधलं. सगळे टाळ्या पिटत होते, कुशाबानं तर शिट्टी मारली, "अगं कोंडबाराव, तूच नाचतीयास जणू!" कोंडाबाईनं नाच बघितलाच नाही. तिची नजर त्या गाठीवर होती.

नाच संपताच सृष्टी धावत आली ती थेट म्हसूपुढं बसली. गाठ त्याला सुटेना. नखांनी उकलत बसला बिचारा. कोंडाबाईनं एका हिसक्यात सोडवली असती. पण सदऱ्याच्या खिशात हात घालून ती उभीच राहिली. कापड निघालं तेव्हा पोरीच्या कपाळावर लालभडक वळ उठला होता. कोंडाबाईचा हात खिशातून निघाला, पुढं झाला आणि वाटेतच थांबला.

"दुखत न्हाई," सृष्टी म्हणाली. आईकडं न बघता.