मैत्रिणीचं उत्तर

वेगवेगळ्या देशांतली तरुण मुलं कशी जगतात, याचा मी अभ्यास करते. त्यासाठी आलापल्लीजवळच्या एका गावात गेले होते. भर दुपारी शाळेच्या ओसरीत एक मुलगी समोर बसली. प्रत्येक उत्तराआधी ती शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे वळून हसायची.

"कोण आहे तिथं?" मी विचारलं.

"माही मैत्रीण. मागच्या साली वाघानं नेलं तिले. तिलेबी विचारा ना, बाई."

तिचा हात खुर्चीच्या पाठीवर होता, खांद्यावर ठेवावा तसा. मला नाही म्हणवेना. खुर्चीकडे पाहून मी नेहमीचा प्रश्न विचारला, "दहा वर्षांनी तू कशी असशील?"

मुलीनं खुर्चीकडे कान नेला. मग हळूच म्हणाली, "ते म्हणते, मी सोळाचीच राहीन. तुमी म्हाताऱ्या व्हाल."

उठताना मी त्या खुर्चीला धक्का लागू नये म्हणून अंग चोरून बाहेर पडले.