दारावरची फुली

कोल्हापुरात फुटबॉलवर जीव टाकणारे पेठेपेठेला सापडतात. हॉकीवाले आम्ही मूठभर. त्या मूठभरांत गोलकीपर सगळ्यांत एकटा. दहा जण पुढं पळतात, एकमेकांना शिव्या देतात, आणि आपण मागं पायांना गाद्या बांधून उभे. म्हणून मला बोलायची सवय लागली. स्वतःशीच. गोलात उभा राहून मी मॅचचं धावतं वर्णन करायचो, टाळ्यासुद्धा तोंडानंच वाजवायचो.

नव्वदीच्या अखेरीस एका स्थानिक फायनलला शेवटच्या मिनिटाला चेंडू आला. आला म्हणजे काय, फिरायला निघाल्यासारखा आला. माझ्या दोन पॅडांच्या मधून, कुणालाही धक्का न लावता, आत गेला. त्यानंतर गावानं मला सोडलं नाही. म्हशीची धार समोर काढून देतात त्या कट्ट्यावर दूध प्यायला गेलो की धार काढणारा म्हणायचा, "गोलकीपर, पाय जुळवून उभं ऱ्हावा. म्हस मधनं जाईल." सगळ्यांत मोठ्यानं मीच हसायचो. मग एक दिवस जाणंच बंद केलं.

एका गोलानं माणूस आजारी पडत नाही. आई आदल्या वर्षी गेली होती, गुडघा कामातून गेला होता, झोप उडाली होती. लोकांना दिसला तो फक्त गोल. हे आज मी मनाच्या आजारावरच्या कार्यक्रमांत माइक हातात घेऊन चार माणसांना समजावतो. तेव्हा माझं मलाच कळत नव्हतं. शाहूपुरीतल्या ज्या दुकानात कामाला होतो तिथं पाठदुखी कळवली आणि मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांत कडी लावून बसलो.

समोरच्या खुर्चीत पॅड उभे केले, त्यांच्यावर हेल्मेट ठेवलं. त्यांच्यापुढं मी रोज ती फायनल खेळायचो आणि रोज तो चेंडू अडवायचो. समालोचक मी, पंच मी, प्रेक्षक मी. पहिल्या रांगेत एक लहान पोरगं बसायचं आणि बोबड्या आवाजात ओरडायचं, "काका, अडिवला!" तो आवाज मला फार सुरेख जमायचा. त्यानंच घात केला.

पल्स पोलिओची फेरी आली. रविवारी बूथवर थेंब पाजायचे आणि सोमवारपासून घरोघरी फिरून राहिलेली बाळं हुडकायची. घरात थेंबांवाचून कुणी बाळ राहिलं नसेल तर दारावर खडूनं 'पी', राहिलं असेल तर फुली. फुलीच्या घरी परत यायचंच, असा नियम. आमच्या गल्लीला अंगणवाडीच्या एक बाई होत्या, पन्नाशीच्या, खांद्याला बर्फाचा डबा. त्यांनी दार वाजवलं तेव्हा माझी मॅच ऐन रंगात होती.

"ल्हान मूल न्हाय हितं," मी आतूनच सांगितलं.

"मग आत्ता कोण बोललं?"

खरं सांगायची लाज वाटली. बाहेर दारावर खडू दोनदा घासल्याचा आवाज आला.

थेंबांना घाबरून पोरं लपवणारी घरं बाईंनी पाहिली होती. इथंही एक बोबडं पोरगं कोंडून ठेवलंय, अशी त्यांची खात्री झाली. त्या संध्याकाळी परत आल्या. दुसऱ्या दिवशी आल्या. समजावलं, दटावलं, शेजारणीला विचारलं. आवाज तर रोज येतो, पोरगं काही दिसत नाही, असं शेजारणीनं सांगितल्यावर तर बाई पेटल्याच. तिसऱ्या दिवशी त्यांनी माझ्या दारातच बसकण मारली आणि शांतपणे म्हणाल्या, "पावणं, माझं काय जातंय? पर उद्या त्या लेकराचं पाय गेलं तर त्याला तोंड कसं दावणार?"

नसलेल्या पोराच्या पायांसाठी बाई फरशीवर बसली होती. कितीतरी दिवसांत माझ्या दाराशी दुसरं कुणी बसलं नव्हतं. मी कडी काढली.

त्यांनी दोन्ही खोल्या धुंडाळल्या. पलंगाखाली वाकून पाहिलं. मग खुर्चीतले पॅड पाहिले, हेल्मेट पाहिलं, आणि टेबलावरचे चहाचे दोन कप. एक रिकामा, एक भरलेला, वर साय धरलेला.

"पोरगं कुठाय?"

मी ते पोरगं त्यांना बोलून दाखवलं. इतका वाईट प्रयोग मी जन्मात केला नाही. आवाज अर्ध्यावरच फुटला.

बाई हसल्या नाहीत. पॅड उचलून त्यांनी भिंतीला टेकवले, खुर्चीत बसल्या आणि तो गार चहा पिऊन टाकला. साखर जास्त झालीय, म्हणाल्या.

निघताना मी म्हटलं, आता फुली पुसा, पी घाला. त्यांनी खडू पिशवीत टाकला. "ऱ्हाऊ दे. फुली असली की मला यायला लागतंय."

आणि त्या आल्या. पुढच्या आठवड्यात मला सरकारी दवाखान्यात मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेल्या. पोलिओच्या बूथवर आया एकमेकींना ढकलत पुढं घुसायच्या. इथं डॉक्टरांच्या दाराबाहेरच्या बाकावर मात्र प्रत्येक जण दुसऱ्या कुणासाठी आल्यासारखा बसला होता. ओळखीचं माणूस दिसलं की मी बाईंकडं बोट दाखवायचो, ह्यांना आणलंय. बाई गंभीरपणे मान डोलवायच्या. गोळ्यांनी झोप आली, भूक आली, हळूहळू दुकानही आलं.

फेरीच्या कागदावर बाईंनी माझ्या घरापुढं 'राहिलेलं बाळ: एक' असं लिहिलं होतं. साहेबांनी वय विचारल्यावर त्यांनी सांगितलं, एकोणतीस. पुढच्या फेरीला बर्फाचा डबा माझ्या खांद्यावर होता.

काही वर्षांनी बाई कबनूरला लेकीकडं गेल्या आणि तिथंच वारल्या. मी अजून त्याच दोन खोल्यांत आहे, एकटाच. पॅड माळ्यावर आहेत. फेरी आली की नव्या टीमच्या पोरी माझ्या दारावर 'पी' लिहून जातात. नियमानं ते बरोबरच आहे. त्या कोपऱ्यावरून वळल्या की मी बाहेर येतो, 'पी' पुसतो आणि फुली मारतो.

संध्याकाळी कुणीतरी कुरकुरत येतंच. मी दोन कप मांडून ठेवलेले असतात. साखर कमी घालतो.