काठमांडूत ऐकलेला सुनेचा आवाज

सुनेचे वडील वारले, म्हणून भावकीतल्या मंडळींसोबत मी आमच्या गावाहून, बेल्याहून, काठमांडूला गेले. लग्न हैदराबादला झाल्यानं तिचं माहेर आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. थंडीतल्या विटांच्या अरुंद गल्ल्यांत दर वळणावर एक छोटं देऊळ होतं. आमच्याकडे चार शब्दांत बोलणं उरकणारी सून इथं शेजारणींच्या गळ्यात पडून रडत होती, भडभडून बोलत होती. मला त्यातलं काही कळत नव्हतं.

तिच्या आईनं मला हिंदीत विचारलं, "तिकडंही अशीच बोलते ना ती?"

"नाही ताई," मी म्हणाले. "तिचा हा आवाज मी आजच ऐकला."

विहीणबाईंनी मला जवळ बसवून घेतलं. मग "जेवलीस का" हे नेपाळीत कसं विचारायचं, ते त्यांनी मला शिकवलं.