हौदबागेत सर्वांना जागा देणाऱ्या कमलताई

सैन्यातून निवृत्त होऊन गावी परतलो तेव्हा उसाच्या शेतीचे सारे माझे भाऊच बघत होते आणि मला सकाळी फिरण्याखेरीज काम उरले नव्हते. माधवनगरजवळच्या हौदबागेच्या पडक्या भिंतीकडेने जाताना एके दिवशी आत, घाणेरीच्या जाळीत, एक बाई फुटक्या बाटल्या पोत्यात भरताना दिसल्या. मी दरडावलेच, "बाई, बाहेर या. आत साप आहेत." माझ्या हातातल्या काठीकडे पाहत त्या शांतपणे म्हणाल्या, "मग तुम्ही पुढे चाला. मी मागून येते." श्रीमती कमलताई निकम यांच्याशी माझी ही पहिली ओळख. यंदा त्यांचा अमृतमहोत्सव साजरा होत असताना त्या सहवासाविषयी चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला, हे मी माझे भाग्य समजतो.

ताई सांगलीच्या एका कन्याशाळेत इतिहास शिकवत. हौदबाग संस्थानी काळातली. काळ्या दगडाचे हौद, कारंजे आणि मधोमध अष्टकोनी चौथरा. त्यावर संध्याकाळी बँड वाजत असे. पुढे गिरण्या भरात असताना कामगार सुट्टीला मुलाबाळांसह इथे येत. गिरण्या थंडावल्या, माणसे पांगली आणि बागेत कचऱ्याच्या ट्रॉल्या रिकाम्या होऊ लागल्या. चौथरा पाडून तिथे वाहनतळ करण्याचेही घाटत होते.

ताईंनी मोर्चा काढला नाही. जुन्या गिरणी कामगारांना घरच्यांसह एका रविवारी चौथऱ्यावर बोलावले आणि ज्याला जे आठवेल ते सांगायला लावले. एक आजोबा म्हणाले, बायकोला लग्नाआधी मी इथेच पहिल्यांदा पाहिले. शेजारी बसलेल्या आजी लगेच म्हणाल्या, "ह्यांनी न्हाई, मीच आधी बघितलं." सारी मंडळी हसली. पुढच्या रविवारी गर्दी वाढली. मग अधिकारीही ऐकायला येऊन बसू लागले आणि वाहनतळाचा विषय आपोआप मागे पडला. साफसफाईला त्यानंतर हातांची वाण पडली नाही.

बाग सावरली, पण ताईंची खरी कसोटी पुढेच होती. दिवाळीनंतर पूर्वेकडच्या दुष्काळी भागातून मेंढपाळ कुटुंबे बागेच्या भिंतीलगत उतरतात. तिथल्या लिंबाखाली त्यांच्या बिरोबाचे ठाणे आहे. बागेसाठी ताईंनी आमची जी समिती उभी केली होती, तिच्या नव्या आराखड्यात ते ठाणे कुंपणाबाहेर, रस्त्याकडेला हलवायचे ठरले होते. आणि सावरलेल्या बागेच्या उद्घाटनाला मात्र याच मंडळींचे गजीनृत्य, म्हणजे ढोलाच्या तालावर रुमाल फिरवत करायचा नाच, ठेवले होते. एका सहल कंपनीने पर्यटकांच्या गाड्या आणायचे कबूल केले होते. हा सारा बेत ताईंनीच जमवला होता.

आम्ही निमंत्रण द्यायला पालावर गेलो. तिथले वडीलधारे म्हाळूआबा यांनी सगळे ऐकून घेतले, चहा पाजला आणि मग म्हणाले, "आवं बाई, आमी देवाम्होरं नाचतो. देव भाईर आन् आमी आत, आसं कसं नाचायचं?"

दुसऱ्या दिवशी ताई एकट्याच पालावर गेल्या आणि दुपारपर्यंत तिथे बसून आल्या. म्हाळूआबांच्या सूनबाईंनी मला नंतर सांगितले, की ताईंनी हात जोडले आणि म्हणाल्या, "बागेचा इतिहास मी सगळ्यांना सांगत फिरले आणि त्यात तुम्हालाच विसरले."

त्यांनी समितीची बैठक बोलावली. कुंपण वळवायचे, ठाणे जागेवर ठेवायचे, मेंढरांची वाट मोकळी सोडायची आणि गजी बिरोबासमोरच व्हायची. बघणाऱ्यांनी चपला काढून खाली बसावे. सहल कंपनीला मंच आणि खुर्च्या हव्या होत्या, तिने अंग काढून घेतले. ताईंचे एक जुने सहकारी रागावून समिती सोडून गेले. ते ताईंना फार लागले, पण निर्णय त्यांनी बदलला नाही. ते सहकारी अजून परतलेले नाहीत. ताई मात्र दर दिवाळीला फराळाचा डबा घेऊन त्यांच्या घरी जातात.

उद्घाटनाला पाहुणे थोडे आणि गावकरी पुष्कळ होते. ढोल घुमला, रंगीत रुमाल फिरू लागले. नाच थांबल्यावर म्हाळूआबांनी ताईंच्या कपाळी भंडारा लावला आणि म्हणाले, "आता ही बाग आमची बी हाय." ताईंचे डोळे भरून आलेले मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. आज गजीचा दिवस विचारून घेऊन परगावची माणसे येतात, आसपासच्या घरांत भाकरी-पिठले जेवतात, पालावरून घोंगडी विकत नेतात.

एक घरचा प्रसंग सांगतो. एका दुखण्यात माझ्या पत्नीचे चालणे गेले. ताई भेटायला येत. बागेत का येत नाही, असे त्यांनी एकदा विचारले, तेव्हा ती म्हणाली, "फाटकाशी पायऱ्या हायेत नव्हं." ताईंनी विषय बदलला. काही आठवड्यांत पायऱ्यांशेजारी दगडी उतार तयार झाला. पत्नीची चाकांची खुर्ची त्यावरून पहिल्यांदा आत नेली तेव्हा ताई पाठ करून रोपांना पाणी घालत होत्या. आभार मानायची संधी त्यांनी आम्हाला दिलीच नाही. ती मी या लेखात घेत आहे.

परवा लोणंदकडची काही मंडळी ताईंकडे आली होती. त्यांच्याकडेही एक जुनी बाग ओसाड पडली आहे, सुरुवात कशी करावी, असे विचारत होती. आराखड्याचे नंतर बघू, ताई म्हणाल्या, आज त्या बागेत कोण बसते ते आधी पाहा आणि त्यांच्याशेजारी जाऊन बसा. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारले, "सुभेदार, गाडी कधी काढता?"

डॉक्टरांनी ताईंना प्रवास कमी करायला सांगितले आहे. त्या ऐकणार नाहीत, हे आम्ही जाणतो. म्हणून आमची प्रार्थना एवढीच, की त्यांच्या गुडघ्यांत बळ राहो, डोळ्यांतली नजर अशीच निर्मळ राहो, आणि ओसाड बागा संपेपर्यंत त्यांना उदंड, निरोगी आयुष्य लाभो. गाडी तयार आहे, ताई.