तेरा औटके

ताई गेली तो मंगळवार होता. भाऊजींनी भिंतीवरचं घड्याळ पाहिलं, वेळ सांगितली आणि त्यानंतर ते बोलले नाहीत.

भाऊजींना ओळखणाऱ्या कोणालाही हे पटणार नाही. गप्प बसण्याची कला ज्याला अजिबात साधली नाही असा उभ्या वर्धा जिल्ह्यात एकच माणूस होता आणि तो माझ्या बहिणीच्या वाट्याला आला होता. सेलूच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलं, पण त्यांचा खरा जीव अडकला होता तो पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी या अपूर्णांकांच्या जुन्या पाढ्यांत. शाळेने ते कधीच सोडून दिले होते. भाऊजींनी सोडले नाहीत. पूर्ण अंक आळशी माणसांसाठी असतात असं त्यांचं ठाम मत. लग्नाच्या पंगतीत ते वाढप्याला अडवून विचारत, ‘सतरा पानं, पानागणिक दीड जिलबी, किती झाल्या?’ वाढपी परात घेऊन पळे आणि आमची सबंध ओळ जिलबीवाचून उठे. एकदा डॉक्टरांनी पोळ्या किती खाता म्हणून विचारलं. भाऊजी म्हणाले, ‘तीन पाऊण.’ डॉक्टरांनी पावणेचार लिहून एक पोळी कमी करायला सांगितली. तीन पाऊण म्हणजे सव्वादोन, हे डॉक्टरांना पटेपर्यंत भाऊजी उठले नाहीत. बाहेर बसलेल्या रोग्यांपैकी दोघे, वाट बघून बरं वाटलं म्हणून घरी गेले, असं ताई सांगायची. त्यात थोडी भर तिची असणार.

आमच्या घरातलं बोलणं सगळं ताईकडे गेलं आणि माझ्याकडे पुस्तकं आली. मी वर्ध्याच्या एका वाचनालयात नोकरी केली, तिथे बोलू नका अशी पाटीच होती. ताई मात्र भाऊजींना पुरून उरली. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा, सगळ्यांत अवघड. स्वयंपाक करता करता ती मोठ्याने विचारायची, ‘तेरा औटके, गुरुजी?’ भाऊजी अंगणात असोत की न्हाणीघरात, उत्तर ठरलेलं: ‘साडेपंचेचाळीस. दूध पाय.’ दूध पाहायचं अशासाठी की हा प्रश्न तिला सुचायचा तो नेमका गॅसवर दूध ठेवून ती विसरली की. आधी उत्तर, मग दूध, आणि मग ताईचं हसणं. त्यांच्या संसारात याहून गोड संवाद मी ऐकला नाही. दूध मात्र बहुतेक वेळा उतू जायचं.

ताई गेल्यावर भाऊजी हो आणि नाई एवढ्यावर आले. त्यांची लेक पुण्याला असते, ऑनलाइन कोर्स लोकांपर्यंत पोचवायचं काम करते. तिने बाबांना पाढ्यांचा कोर्स करायला लावला, सात पाढ्यांचे सात धडे. भाऊजी कॅमेऱ्यासमोर बसत, पाढा म्हणत आणि कॅमेरा मिटला की स्वतःही मिटत. सहा धडे झाले. सातव्याला ते म्हणाले, ‘औटकी नाई.’ काऊन, हे विचारायची गरज आम्हाला नव्हती.

कोर्स घेतला तिघांनी. त्यांतला एक मी आणि एक जावई. लेकीचा मला फोन आला. ‘मामा, नुसते व्हिडिओ ठेवून कोणी येत नाही. लाईव्ह घ्यावं लागतं. लोकांना समोर येऊन विचारू द्यायचं, गंमत वाटली की ते कोर्स घेतात.’ मग म्हणाली, ‘नाही घेतला तरी चालेल. पण बाबा बोलले पाहिजेत. तुम्ही जवळ बसून लोकांचे प्रश्न वाचून दाखवा.’ आयुष्यभर शांतता राखा म्हणणाऱ्या माणसाला ही नेमणूक मिळाली.

पहिल्या रविवारी मी सेलूला गेलो आणि सकाळी दहाला भाऊजींच्या फोनवर लाईव्ह सुरू झालं. भाऊजींनी इस्त्रीचा सदरा घातला, चष्मा पुसला आणि हजेरी घ्यायला सुरुवात केली. पडद्यावर येणारं प्रत्येक नाव ते वहीत लिहीत आणि ‘हजर’ असा जबाब आल्याशिवाय पुढे सरकत नसत. मधेच कोणी नवा आला की पुन्हा पहिल्यापासून. पाऊण तास हजेरीच चालली आणि वेळ संपली. पुण्याहून लेकीने कपाळाला हात लावला असावा. पण पुढच्या रविवारी दुपटीने लोक आले. आर्वीचे, समुद्रपूरचे जुने विद्यार्थी, आता स्वतः आजोबा झालेले, नाव घ्यायच्या आधीच लिहीत होते, ‘हजर सर’. कोणीतरी बोटाने दाबून पडद्यावर लाल बदाम उडवायला लागलं. भाऊजींनी ते पाहिले आणि बऱ्याच दिवसांनी त्यांच्या तोंडून एक आख्खं वाक्य बाहेर पडलं: ‘हे बदाम कोण फेकून राह्यलं? वर्गात खायाचं नाई.’ त्यावर इतके बदाम उडाले की भाऊजी दिसेनासे झाले. शेवटी कोर्सबद्दल चार शब्द बोला असं लेकीने बजावलं होतं. ते म्हणाले, ‘ज्याले पाठ कराचं नाई त्यानं नाव नोंदवू नये.’ जाहिरातीचा हा प्रकार तिच्या कंपनीत शिकवत नसावेत.

तिसऱ्या रविवारी एका बाईंचा प्रश्न आला. मी वाचला: ‘सर, कोर्समध्ये सात पाढे लिहिलेत, धडे सहाच आहेत. औटकी कधी?’

भाऊजी म्हणाले, ‘औटकी नाई.’ आणि फोन बंद करायला त्यांनी हात पुढे केला. तो हात मी पाहिला आणि मला कळलं की हा फोन आता मिटला तर पुन्हा उघडणार नाही. मी काय करतो आहे ते ठरवायच्या आत माझ्या तोंडून निघून गेलं, ‘तेरा औटके, गुरुजी?’

हात तिथेच थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही, स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं.

‘साडेपंचेचाळीस,’ ते म्हणाले. ‘दूध पाय.’

मी खरंच उठून आत गेलो. शेगडीवर काही नव्हतं. क्षणभर तिथे उभा राहिलो, डोळे पुसले आणि परत आलो. तोवर पडद्यावर ओळींवर ओळी आल्या होत्या. लोकांना वाटलं, दूध पाहायला आपल्यालाच सांगितलं. मी वाचत गेलो: ‘पाहिलं सर.’ ‘सर, आमच्याकडे चहा आहे, चालेल का?’ समुद्रपूरच्या एका जुन्या विद्यार्थ्याने लिहिलं होतं, ‘सर, आमचं उतू गेलं.’

भाऊजी हसले. आवाज करून, खांदे हलवत हसले. मग चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, ‘ओटा पुसून घेजो बाबू. आता चौदा औटके. कोन सांगते?’

त्या दिवशी परतीच्या एसटीत मला झोप लागली, ताई गेल्यापासून पहिल्यांदा इतकी गाढ की वर्ध्याला कंडक्टरने हलवून उठवलं.

सातवा धडा त्याच आठवड्यात तयार झाला. त्यात एक प्रश्न माझ्या आवाजात आहे. कोर्स किती जणांनी घेतला ते लेकीला माहीत. भाऊजींच्या वहीत फक्त हजेरी असते.

आता दर रविवारी सकाळी मी सेलूला असतो. हजेरी होते, बदाम उडतात, शेवटी कोणीतरी तेरा औटके विचारतं. भाऊजी उत्तर देतात. गॅसवर दूध असतं, आणि ते मी पाहतो.